पाठीवरचं गाव

कापसाने भरलेले ट्रॅक्टर आमच्या दारावरून जिनिंगच्या कारखान्याकडे जायला लागले की माझं डोकं आठवडाभर तरी ठिकाणावर नसतं. घरच्यांना हे माहीत आहे. सून म्हणते, आईंना धूळ सहन होत नाही. धुळीचं काय घेऊन बसलात? हिंगोलीत राहून धूळ सहन होत नाही म्हणून कसं चालेल! पण ते पांढरे पुंजके वाऱ्यावर उडत येतात, बाभळीच्या काट्यांना, विजेच्या तारांना, आमच्या फाटकाच्या कडीला अडकून बसतात, आणि मला माझ्या माहेरची, हट्ट्याची शाळा आठवते, देवकर बाई आठवतात, गया आठवते आणि टेरीकॉट आठवतं. टेरीकॉट आठवलं की राग येतो.

यंदा त्यात भर पडली. नात ऋतुजा शाळेच्या खो-खोच्या संघात आहे. संघाचे टी-शर्ट छापून घ्यायचेत, म्हणून तिच्या वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर खल चालू आहे. कापड कोणतं घ्यायचं? सुती, पॉलिस्टर, की दोन्ही मिसळलेलं? एकीने लिहिलं, सुती नको, घाम आला की चिकटतं. दुसरीने लिहिलं, पातळ नको, आतलं दिसतं. तिसरीने लिहिलं, शाळेचं नाव मागे छापा, मुली मोठ्या होताहेत, समोर बरं दिसत नाही. या तिसरीला सगळ्यांनी पटापट होकाराचे अंगठे पाठवले. सून हे मला वाचून दाखवत होती तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. निवडलेली आणि बिननिवडीची कधी एकत्र झाली, मला कळलं नाही.

पन्नास वर्षं होत आली. कापड तेच, वाद तोच, आणि मुलींना कुणी विचारलेलं नाही तेही तसंच.

दिवाळी उरकली की हट्ट्यात सगळ्या घरांत कापूस यायचा. आमच्या घरात तर मधली खोली आढ्यापर्यंत भरायची. दार उघडलं की कापूस पायाशी घसरून यायचा. आम्ही पोरं त्यावर लोळायचो, तिथेच झोपायचो, सकाळी उठलो की केसांत पुंजके, नाकात सरकीचा तो तेलकट, कोंदट वास. थंडीत त्या ढिगात हात खुपसला की आत ऊब असायची. सकाळी वेचणीला गेलं की बोंडांच्या वाळक्या टोकांनी बोटं खरचटायची, दव पडलेलं असलं तर कापूस जड लागायचा, आणि माय ओरडायची, "वल्ला नको येचू गं, काळा पडतो!" शाळेत जाताना माझ्या बोटांच्या पेरांवर बारीक ओरखडे असायचे. ते लपवावेत असं मला कधी वाटलं नाही, वर्गातल्या सगळ्याच पोरींचे हात तसे होते.

आणि एवढा कापूस घरात असताना आमचे वडील, म्हणजे आप्पा, लग्नाकार्याला घालायचे टेरीकॉटचा शर्ट. गावात ज्याच्या अंगावर टेरीकॉट तो माणूस. सुती म्हणजे गडीमाणसाचं, रोजचं, चुरगळणारं. कापूस पिकवायचा आपण, वेचायचा आपण, आणि अंगावर मात्र गिरणीतून आलेलं ते गुळगुळीत काहीतरी घालून मिरवायचं. हा विनोद मला तेव्हा कळायचा नाही. आता कळतो, पण हसू येत नाही.

खो-खो आणला तो देवकर बाईंनी. त्या मूळच्या हिंगोलीच्या, नव्यानेच आमच्या शाळेत आलेल्या, पायांत कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. शाळेमागच्या पडीक जागेतले दगड त्यांनी आमच्याकडूनच वेचून घेतले, दोन खांब रोवले आणि आम्हाला उकिडवं बसायला शिकवलं. एक अलीकडे तोंड करून, दुसरी पलीकडे. मागून येणारीने पाठीवर तळहात मारायचा आणि "खो" म्हणायचं. हात लागला पाहिजे, नुसतं ओरडून चालत नाही, नाहीतर पंच शिट्टी मारतात. गया आमची कप्तान. ती बौद्धवाड्यातली. तिचे वडील सुदामदादा रस्त्याच्या कामावर रोजंदारीने जायचे. गया पळायला लागली की तिला कुणी शिवूच शकत नसे. खांबाला हात घालून अशी काही वळायची की पाठलाग करणारी सरळ पुढे निघून जायची आणि आम्ही बसल्या जागी हसायचो. खेळात बसताना कोण कुणाशेजारी हे बाई ठरवायच्या, आणि तेवढा वेळ गावातली बाकीची मांडणी बंद असायची.

परभणीला सामने व्हायचे. तेव्हा आमचा जिल्हा परभणी. आदल्या वर्षी आमचं जाणं राहिलं, कारण खेळायचं काय घालून, हे ठरलं नाही. या वर्षी पुन्हा तसंच झालं तर तिसऱ्या वर्षी विचारायची सोय नव्हती. आमच्यातल्या निम्म्याजणींची लग्नं तोवर ठरली असती. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण माहीत होतं.

शाळेच्या ओट्यावर बैठक बसली. पाटील, हेडमास्तर, शाळेच्या कमिटीवर होते म्हणून आप्पा, आणखी दोघं-तिघं. सुदामदादा ओट्याखाली उभे होते. तेव्हा ते खालीच उभे राहायचे आणि कुणाला त्यात काही खटकायचं नाही, हे आता आठवलं की माझं मलाच बरं वाटत नाही. आम्ही पोरी वर्गाच्या खिडकीशी.

पाटील म्हणाले, "पोरी पळतील, घाम यील, कपडा अंगाला चिकटल. आन् परभणीचं पब्लिक पाहून राहिलं! मंग आमी काय तोंड दाखवावं?"

बाई म्हणाल्या, "कसं कापड हवं ते तुम्हीच सांगा. मी आणते."

"पाणी वतलं तरी आतलं दिसू न्हाई, असं."

सुदामदादा खालून म्हणाले, "लेकरं खेळायला चालली, आन् तुमी कापड पाहून राहिले."

त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. आप्पा खांबाला टेकून बसले होते. ते एवढंच म्हणाले, "बाई, आणा नमुना. बघू."

आप्पांचं "बघू" म्हणजे दार किलकिलं झालं, एवढंच.

बाई गयाला आणि मला घेऊन एसटीने हिंगोलीला गेल्या. आधी छापणाऱ्याकडे. रफीक पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आणि मागच्या पडवीत जाळीच्या चौकटीतून पिशव्यांवर, झेंड्यांवर छपाई करायचे. त्यांनी बजावलं, "गडद कपडा लाना नको बाई, उसपे मेरा रंग दिखता नहीं. फिका लाओ. और सुती लाओ. सुती पे मेरी गॅरंटी."

मग कापडाच्या पेठेत. शेठने आधी सुती बनियनी काढल्या, पांढऱ्या, मऊ. बाईंनी एक बनियन माझ्या हातावर पसरली, दुकानातल्या माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि ओतलं. माझा हात सगळा दिसला, बांगड्यांसकट.

शेठ म्हणाले, "बाई, माल घ्यायचा का धुवायचा?"

बाईंनी ऐकलंच नाही. दुसरा शर्ट काढायला लावला. तो नुसताच टेरिलीनचा, चकचकीत. पाणी ओतलं तर थेंब घरंगळून शेठच्या गादीवर गेले. हात अजिबात दिसला नाही. मला वाटलं, झालं काम. पण बाईंनी तो गयाच्या पोलक्यावरून तिला घालायला लावला आणि भर बाजारातून पाण्याच्या टाकीपर्यंत पळून यायला सांगितलं. गया पळाली. हळदीच्या पोत्यांवर बसलेले हमाल उठून बघायला लागले. ती परत आली तेव्हा तोंड लालबुंद झालं होतं.

"जीव गुदमरून राहिला बाई. आत भट्टी पेटली जशी."

मग शेठने फिकट पिवळे काढले. "हे मिक्स. आधं सूत, आधं टेरीन. शहरात हेच चालून राहिलं सध्या." पुन्हा पाणी. यात हात आहे एवढं कळत होतं, कुणाचा ते कळत नव्हतं. गया पुन्हा पळाली, या खेपेला हसत परत आली. बाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "देवा, सापडलं एकदाचं." शेठच्या गादीवर तोवर चांगलंच तळं झालं होतं.

नमुना ओट्यावर गेला. बैल घेताना पाहतात त्याहून जास्त पाहिला त्यांनी तो. पाटलांनी उन्हाकडे धरला, ताणला, उलटा केला. हेडमास्तरांनी चष्मा कपाळावर नेऊन पाहिला. आप्पांनी आत हात घालून पंजा उघडला, मिटला, आणि म्हणाले, "बराबर हाय." खिडकीशी आम्ही एकमेकींचे हात इतके आवळले की माझी बांगडी वाढली. कुणीही एकदासुद्धा विचारलं नाही की पोरींनो, यात पळता येतं का. पळून तर गया आली होती. तिला विचारायचं, बास.

आणि मग पाटलांनी विचारलं, "छापणार काय ह्याच्यावर?"

"गावाचं नाव. हट्टा. छातीवर, मोठ्या अक्षरांत," बाई म्हणाल्या.

मग पाटील म्हणाले, "छातीवर? मंग वाचणारं माणूस पाहील कुठं?"

हेडमास्तर खोकले. कुणीतरी "व्हय, बराबर" म्हणालं. बाईंचे कान लाल झालेले मला खिडकीतून दिसले. मला तेव्हा लाज वाटली. लाज! मी काय केलं होतं लाज वाटायला? पण वाटली, आणि ती लाज त्या ओट्यावरच्या कुणालाही वाटली नाही.

"पाठीवर छापा," आप्पा म्हणाले. "नाव बी राहील, आन् बोभाटाही न्हाई."

गया खिडकीतून बोलून गेली, "पर काका, पाठीवर तर खो देत्यात..."

"गप गं," आप्पा म्हणाले. "मोठी माणसं बोलून राहिली."

बाईंनी तिच्याकडे पाहून हळूच बोट ओठावर ठेवलं. त्यांनाही कळलं होतं. त्या खेळ शिकवायच्या, त्यांना कसं कळणार नाही? पण होकार हातात आलेला होता आणि तो त्यांना सांडू द्यायचा नव्हता. बाईंचा मला राग येत नाही. त्या बैठकीत खो-खो ज्यांनी कधी पाहिला नव्हता तेच बोलत होते आणि ज्यांना येत होता त्या गप्प होत्या, याचा येतो. अजून येतो. कोथिंबीर निवडता निवडता येतो.

शर्ट घेऊन आम्ही पुन्हा रफीक पेंटरांकडे गेलो. त्यांनी कापड चिमटीत धरलं आणि नाक मुरडलं. "ये तो मिक्स है. मैं क्या बोला था?"

बाई म्हणाल्या, "भाईजान, हेच छापा. दुसरं चालणार नाही."

त्यांनी कापड पुन्हा ताणून पाहिलं. "आधा सूत है ना? तो आधा तो टिकेंगाच."

गयाने विचारलं, "कोणतं आधं चाचा? ह का ट्टा?"

रफीक पेंटर एवढे हसले की हातातली रबराची पट्टी खाली पडली. मग त्यांनी शर्ट फळीवर ताणला, जाळीची चौकट वर ठेवली, लाल रंग ओतला, पट्टी एका दमात ओढली आणि चौकट उचलली. पिवळ्यावर लालभडक "हट्टा". रॉकेल आणि गोंद यांच्यामधला कसलासा वास. एवढ्या मोठ्या अक्षरांत मी आमच्या गावाचं नाव एसटीच्या पाटीवरसुद्धा पाहिलं नव्हतं. तेवढ्यापुरता माझा राग विरघळला, हे सांगायला हवं.

"दो दिन धूप दिखाना," ते म्हणाले, "और उलटी बाजू से गरम इस्तरी मारना. फिर कपडा फटेंगा पर रंग जायेंगा नहीं."

दोन दिवस ऊन दाखवून झाल्यावर बाईंनी घरी कोळशाची इस्त्री पेटवली. पहिलाच शर्ट खाली घेतला आणि तो चर्रकन आकसला. टेरिलीन वितळून हाताएवढं भोक. सुती असता तर इस्त्री बसली असती आणि रंगही बसला असता, पण सुती दिसतं. आतलं न दिसणारं कापड इस्त्री सोसत नव्हतं आणि इस्त्रीवाचून रंग पक्का होत नव्हता. बाईंनी त्या भोकात बोट घालून पाहिलं. मग बाकीचे शर्ट तसेच पुन्हा शाळेच्या भिंतीवर उन्हात टाकले. कार्तिकातलं ऊन ते, त्याने काय पक्कं होणार? जळालेला शर्ट माझ्या वाट्याला आला. मायने पाठीला, अक्षरांच्या खालच्या बाजूला ठिगळ लावून दिलं आणि म्हणाली, "पळणाऱ्या पोरीचं ठिगळ कोणाला दिसतं?" त्या सगळ्या हंगामात सुदामदादांखेरीज शहाण्यासारखं बोललेलं तेवढं एकच माणूस.

परभणीचं मैदान मला प्रचंड वाटलं. चुन्याच्या रेघा, भोंगा, शेंगावाले, आणि आम्ही पिवळ्या शर्टांत आणि परकर कापून शिवलेल्या ढगळ सलवारींत. मी माझ्या चौकोनात उकिडवी बसले. मागून गयाचा "खो" आला, तिचा तळहात माझ्या पाठीवर थापकन बसला आणि सुटताना किंचित चिकटला. मी पळाले, पुढच्या पोरीला खो दिला, आणि हात उचलला तर तळवा लाल. आधी वाटलं, रक्त. मग कळलं, हे तर आपलं गाव आहे.

थांबायला वेळ नव्हता. खो, खो, खो, आणि दर खोला पाठीवरचं थोडं अक्षर हातावर. घाम पुसायला हात कपाळाला गेला की कपाळ लाल. बघणारे हसायला लागले. मला रडावंसं वाटत होतं आणि पाय पळत होते. हसा म्हटलं, गयाच्या हातून तर कुणी सुटत नाही अजून.

सामना आम्ही जिंकलो. भोंग्यावरच्या गुरुजींनी सांगायला सुरुवात केली, "पिवळ्या शर्टांच्या मुली विजयी... गावाचं नाव... मुलींनो, जरा पाठी फिरा बघू." आम्ही फिरलो. पाठींवर नुसते लाल फराटे होते. मैदान खदाखदा हसलं. "अरे, कुठल्या गावच्या तुम्ही?" गुरुजींनी विचारलं.

गयाने वळून दोन्ही लाल पंजे वर केले आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "हट्टा!"

मग आम्ही सगळ्या ओरडलो. हात वर करून, घसे फुटेस्तोवर, पुन्हा पुन्हा. गुरुजींनी भोंगा बाजूला धरला. हसणारे टाळ्या वाजवायला लागले. देवकर बाई खांबाशी उभ्या राहून रडत होत्या. दुपारचा सामना आम्ही हरलो, पण त्याचं मला फारसं काही आठवत नाही.

घरी आले तेव्हा हात तसेच होते. साबणाने तसूभर फरक पडेना. मायने वाटीत रॉकेल दिलं. मी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले, ढिगातला मूठभर कापूस ओढला, रॉकेलात बुडवला आणि तळवा घासला. सगळा रंग कापसाने उचलला. तो नंतर पाण्यात पिळून पाहिला, काही केल्या लाल जाईना. रफीक पेंटरांना ज्याच्यावर छापायचं होतं त्याच कापसावर गावाचं नाव शेवटी असं बसलं, आमच्याच घरात, कुणाच्याही उपयोगाचं नाही असं.

आप्पा आले. बैलांच्या पाण्याचं बघून आले होते. माझ्या हातातला लाल कापूस त्यांनी पाहिला, बाजूला पडलेला शर्ट उचलला, पाठ उलटून पाहिली.

"नाव गेलं व्हय?"

"गेलं."

"कोणी वाचलं तं न्हाई?"

"न्हाई आप्पा. कोणीच वाचलं न्हाई."

त्यांच्या खांद्यावरून पोतं उतरवावं तसा त्यांचा चेहरा सैल झाला. शर्टाची नीट घडी घालून त्यांनी माझ्याशेजारी ठेवला. "बेस झालं," ते म्हणाले. "कोणत्या गावच्या पोरी ते कोणाला कळलं न्हाई. मंग जाय पुढल्या वर्षी बी. माझी ना न्हाई."

ज्या परवानगीसाठी आम्ही वर्षभर जीव टांगणीला लावला होता ती अशी आली, नाव पुसलं गेलं म्हणून. जिंकलात का, हे त्यांनी त्यानंतर विचारलं, आणि तेही जेवताना. सगळ्या मैदानाने ऐकलं, हे मी त्यांना सांगितलं नाही. आप्पा वाईट नव्हते. माझ्या नवऱ्याच्या घरी सांगून मला पुढे मॅट्रिकला बसवणारे तेच. पण त्या संध्याकाळी त्यांचा तो हायसं वाटलेला चेहरा पाहून मला जो संताप आला, तो मी ढिगात तोंड खुपसून गिळला, आणि दर वर्षी कापूस आला की तो मला पुन्हा लागतो.

आत्ता लिहिताना ऋतुजा मागे येऊन उभी राहिली आहे. ग्रुपवर उद्या सकाळपर्यंत कळवायचं आहे.

"आजी, कापड कोणतं सांगू?"

"मिश्रच सांग. पळता येतं त्यात."

"आणि नाव? सगळे मागे म्हणतायत."

"पुढे. छातीवर. मोठ्या अक्षरांत."

"आणि घामाने गेलं तर?"

"गेलं तर ओरडून सांग," मी म्हटलं.